वखारीतली शाळा कवा सुरू झाली

कागद आला त्या दिवशी निम्मं गाव निपाणीच्या बाजाराला गेलतं, म्हणून टपालवाल्यानं तो सरळ वखारीत आणून कमलाबाईंच्या हातात दिला आणि सायकलवर टांग मारून गेला सुदा. लांबडा लखोटा, वर सरकारी शिक्का. बाईंच्या पुढ्यात सात पोरी पोत्यावर बसलत्या, दोघी पाढे म्हणत हुत्या आणि एक नवी आलेली नुसती शिंकत हुती. शिंकायचं कारण असं, की ती वखार तंबाखूची. छप्पर गळाय लागलं तवापास्नं वखारीचे मालक रायगोंडा अण्णांनी तिथं माल ठेवायचं बंद केलतं, पर तंबाखूचा खाट, तो उग्र वास, काय भिंतीतनं हलला न्हाय. कुठलीबी नवी पोरगी आली की पहिले आठ दिवस शिंकायची. शिंका थांबल्या की बाई म्हणायच्या, चला, आता ही आपली झाली.

बाई म्हणजे गावातल्याच. सोळाव्या वर्षी लगीन, विसाव्या वर्षी नवरा तापानं गेला, सासरच्यांनी ट्रंक आणि बाई दोन्ही माहेरच्या दारात आणून ठिवलं. मग कोल्हापुरात मावशीकडं राहून सातवीची फायनल दिली आणि परत कुरणवाडीला आल्या. मराठी चांगलं, कानडी घरातलंच, इंग्रजीची मात्र नुसती अक्षरं. अक्षर अक्षर लावून शब्द म्हणता यायचा, पर म्हणून झाला की त्याचं काय करायचं ते कळायचं न्हाय.

आता कागद निम्मा मराठीत हुता. तेवढा त्यांनी दोनदा वाचला. शाळाखात्याचे दिपोटी साहेब सोमवारी शाळा तपासाय येणार. तीन वर्षं पुरी चाललेली शाळा असंल तरच तिथल्या मुलीला यंदा फायनलला बसता येईल. आणि खाली इंग्रजीत चौकटी. पहिल्याच चौकटीत एक लांबच्या लांब शब्द, मालगाडीसारखा, डब्याला डबा जोडलेला. बाईंनी बोट ठेवून म्हणला. एस्. टॅब्. लिश्. मेंट.

"म्हणजे काय ओ बाई?" ब्राह्मीनं विचारलं.

"बघू," बाई म्हणल्या. "तू तुझे अपूर्णांक कर."

कारण हा सगळा जिवाचा घोर त्या ब्राह्मीपायीच हुता. ब्राह्मी रायगोंडा अण्णांची पोरगी, पंधरा वर्षांची. तिसरीतनं शाळा सोडवलेली, आणि बाराव्या वर्षी बाईंनी परत पाटी धरायला लावलेली. पोरगी अशी, की सांगितलेलं एकदा ऐकायची आणि दुसऱ्यांदा स्वतःच सांगायची. अण्णांनी बाईंना शब्द दिलता. यंदा फायनलला बसली तर लग्नाचं पुढं बघू. न्हाय बसली, तर सदलग्याचं स्थळ आलंय, माघात अक्षता टाकून मोकळं हुतो. अण्णा शब्दाचे पक्के. हिकडच्याबी आणि तिकडच्याबी.

म्हणजे त्या चौकटीत काय लिवायचं हे कळलं पाहिजे. चुकीचं लिवलं आणि दिपोटीनं रेघ मारली, तर पोरगी गेली सदलग्याला.

शाळा सुटल्यावर बाई पहिल्यांदा गेल्या मारुतीआप्पांकडं. मारुतीआप्पा पलटणीतनं पेन्शनीत आलेलं, मोठ्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेलं, गावात इंग्रजी कोण बोलत असंल तर तेच. गोठ्यापुढं म्हशीच्या पाठीवर पाणी मारत हुतं. कागद लांब धरून, डोळे बारीक करून बघितलं आणि हसलं.

"एवढंच व्हय? हे तर आमचं रोजचं. एस्टॅब्लिशमेंट म्हणजे कंपनीला मंजूर माणसं किती, तेवढी. सुभेदार इतकं, शिपाई इतकं, न्हावी एक, भिस्ती दोन, खेचरं अमुक. कमी असली तर साहेब बोंबलायचा."

"आप्पा, ही शाळा हाय ओ. खेचरं कुठली?"

"मग शून्य लिव खेचरांच्या जागी. तू एक, पोरी सात. झालं की."

बाईंनी मान हलवली. आठ लिवायचं, एवढं सोपं? बरं वाटलं. पर घराकडं वळताना वाटेत श्रीपाल भेटला, अण्णांचा धाकटा भाऊ, बाजारातनं परत येत हुता, बैलगाडीच्या दांडीवर बसून. त्यानं गाडी थांबवूनच कागद बघितला.

"अक्का, ह्या मारुतीआप्पाचं काय ऐकता? हा शब्द मी रोज बघतो. निपाणीत मोठ्या वखारीवर पाटी हाय, त्यावर लिवलंय. एस्टॅब्लिशमेंट म्हणजे पेढी. दुकान. कुणाच्या नावावर धंदा चाललाय ते."

"शाळा काय दुकान हाय?"

"वखारीत भरती नव्हं? मग मालकाचं नाव घालायचं. अण्णाचं."

आता झाली का पंचाईत. आठ लिवायचं का अण्णांचं नाव? बाईंना त्या रात्री भाकरी गोड लागली न्हाय. आणि दुसऱ्या दिवशी बेळगावास्नं भावकू आला, कचेरीत कारकून, भनीच्या घरी बारशाला आलता, कडक इस्त्रीचा कोट घालून. बाई बारशाच्या घरात कशा जाणार, म्हणून ब्राह्मीला धाडून त्याला बाहेर बोलावून घेतला. तो पानाचा विडा तोंडात ठेवूनच बोलला.

"अक्का, हे सोपं हाय. आमच्या कचेरीत एस्टॅब्लिशमेंट ब्रँचच हाय, मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसतो. तिथं नोकरांची यादी असती. कोण कायम, कोण हंगामी. तुम्ही कायम का हंगामी?"

बाई म्हणल्या, "मला कुणी नेमलंच न्हाय."

"नेमलं न्हाय? मग शिकवताय कशाला?"

भावकू आत गेला. पाळण्याची गाणी ऐकत बाई उंबऱ्यापास्नं चार पावलं लांब उभ्या राहिल्या. आठ, अण्णांचं नाव, आणि आपण कायम का हंगामी. डोक्यात नुसता काला झालता. एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पर गावात कागदाची गोष्ट पसरली आणि तिसऱ्या प्रहरी रायगोंडा अण्णांच्या कट्ट्यावर पंचायतच भरली. मारुतीआप्पा, श्रीपाल, कोट घातलेला भावकू, आणि मधी अण्णा, पायावर पाय टाकून. बाई खाली पायरीशी उभ्या.

"माणसं मोजायची," आप्पा म्हणलं.

"मालक लिवायचा," श्रीपाल म्हणला.

"नेमणुकीचा हुकूम जोडायचा," भावकू म्हणला.

"आरं एका शब्दाला अर्थ किती असत्यात?" अण्णा वैतागलं. "इंग्रजांकडं शब्द कमी पडलं काय? भावकू, तुझ्याजवळ ते मोठं पुस्तक हाय म्हणालतास, शब्दांचं. आणलंयस न्हवं? काढ."

भावकूनं पिशवीतनं डिक्शनरी काढली. बोटाला थुंकी लावून पानं उलटली. आणि त्याचंच तोंड बारीक झालं, कारण तिथं ओळीनं सात-आठ अर्थ. संस्था. पेढी. नोकरवर्ग. फौज. घरसंसार. राज्यानं मानलेला धर्म. आणि सगळ्यात वर, पहिला अर्थ, स्थापना.

अण्णांनी मांडीवर थाप मारली.

"स्थापना. पहिला अर्थ तोच खरा, बाकीचं पोटातलं. दिपोटी विचारतोय स्थापना झाली का." मग त्यांनी पायरीकडं बघितलं. "कमलाक्का, वखारीतल्या शाळेची स्थापना कुणी केली?"

बाई थबकल्या. "कुणी म्हणजे? पोरी आल्या, बसल्या."

"नारळ फोडलता?"

"न्हाय."

"कलश? तोरण?"

"न्हाय अण्णा."

"कुणा सवाष्णीनं दिवा लावलता?"

बाईंनी खाली बघत मान हलवली. सुरू केली तवा त्या एकट्याच हुत्या. आणि त्यांच्या हातानं नारळ कसा फुटणार? नवरा गेल्यापास्नं त्यांनी कशालाच पहिला हात लावलेला नव्हता. पेरणीला न्हाय, पापडाला न्हाय, भावाच्या लग्नात नवरीच्या साडीलासुदा न्हाय. गावाचा रिवाज तो, आणि त्यांनी कधी मोडला न्हाय. म्हणून तर शाळाबी त्यांनी गपचिप चालू केलती, गाजावाजा नको, कुणाच्या नजरेत नको.

"मग स्थापनाच झाली न्हाय की," अण्णा म्हणलं. आवाजात राग नव्हता, उलट काळजी हुती. "दिपोटी येऊन बघंल की नुसतं पोतं टाकून बसल्यात. रेघ मारून जाईल. न्हाय न्हाय. अजून रविवार हाय हातात. बस्तीच्या देवळातल्या पंडितांना सांगतो, रविवारी सकाळी रीतसर स्थापना करायची. वखार झाडून, चुना देऊन, तोरण बांधून. पाटी लावू. श्रीपाल, निपाणीतनं पाटी रंगवून आण."

"बेस," आप्पा म्हणलं.

बाईंच्या मनात काहीतरी टोचलं. काय ते मात्र नीट कळंना. स्थापना झाली न्हाय म्हणत्यात हे खरं काय? मग साडेतीन वर्षं आपण काय करत हुतो? पोरी हजारापतूर मोजाय शिकल्या, पत्र लिवाय शिकल्या, नकाशावर वेदगंगा दावाय शिकल्या. पर नारळ फुटला न्हाय हेबी खरं. अण्णा म्हणत्यात ते रीतीनं बरोबर हाय. माणसाचं लगीन लागल्याबिगर संसार म्हणत्यात काय? तसंच असंल. एवढी चांगल्या मनानं उठून कामाला लागलेली माणसं, त्यांना थांबवायचं तरी काय म्हणून? त्या पायरीवरनं वळल्या आणि घराकडं निघाल्या.

रविवारी बाई घरातच बसल्या. अशा कामाला त्यांनी जायचं न्हाय, हे कुणी सांगायची गरज नव्हती. सनई त्यांना घरात ऐकू आली. दुपारी ब्राह्मी धापा टाकत आली, पदरात बुंदी घेऊन.

"बाई, लई झ्याक झालंय. आईनं दिवा लावला. अण्णांनी नारळ फोडला, पहिल्या दणक्याला फुटला. भिंती तर अशा पांढऱ्या, की डोळं दिपतंय."

"कुठल्या भिंती?"

"सगळ्या. आतनं-भायेरनं. दोन हात दिलं चुन्याचं."

बाईंच्या हातातली बुंदी तशीच राहिली. कट्ट्यावर अण्णा चुना म्हणलं तवा त्यांना वाटलं हुतं, भायेरनंच देतील.

आता तुम्हाला सांगितलं पाहिजे, की वखारीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर काय हुतं. पहिल्या वर्षी शाळेला हजेरीबुक नव्हतं. वही घ्यायची तरी कुणाच्या नावानं? म्हणून बाई कोळशानं भिंतीवरच हजेरी मांडायच्या. पोरीच्या नावापुढं रोज एक रेघ, आणि महिना संपला की महिन्याचं नाव. पाऊस आला, थंडी आली, तंबाखूची तोडणी आली, सगळं त्या भिंतीवर. दुसऱ्या वर्षी वही झाली. पर पहिलं वर्ष भिंतीवरच. तीन वर्षं पुरी झाली ह्याचा पुरावा म्हणून दावायला तेवढंच हुतं, आणि ते आता दोन हात चुन्याखाली.

बाई पळतच वखारीत गेल्या. हातातल्या पदरानं भिंत पुसायला लागल्या तर पदर पांढरा झाला, भिंत हाय तशी. दारावर नवी पाटी, अजून रंगाचा वास येत हुता. कुरणवाडी कन्याशाळा. स्थापना मार्गशीर्ष. संस्थापक रायगोंडा आण्णाप्पा पाटील. आणि खाली आजचीच तारीख.

त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. आपण त्या कट्ट्याच्या पायरीशी उभं राहून का बोललो न्हाय, हे त्यांना कळंना. बोललो असतो तर काय म्हणलो असतो, हेबी कळंना.

सोमवारी दहाच्या सुमाराला दिपोटी साहेब आले. रस्त्यापतूर मोटार, तिथनं पुढं अण्णांची गाडी. बारीक, चष्मेवाले, गळ्याला उपरणं, अंगात लांब कोट, आणि संगट एक शिपाई पेटी घेऊन. वखारीत पाय ठेवला आणि पहिलं काम काय केलं तर शिंकले. लागोपाठ चार. पोरींना हसू आवरंना. ब्राह्मीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"तंबाखू," साहेब डोळे पुसत म्हणाले. "बरं. शाळा केव्हा सुरू झाली?"

किती साधा प्रश्न. मराठीतच. पर बाईंनी तोंड उघडायच्या आत अण्णा पुढं झाले, फेटा नीट करून, आणि छाती काढून म्हणले, "काल, साहेब."

साहेबांनी चष्म्यावरनं बघितलं. "काल?"

"काल सकाळी साडेनवाला. मुहूर्तावर. पाटी बघा की."

साहेबांनी पाटी बघितली. परत अण्णांकडं बघितलं. मग हातातल्या कागदाकडं. "पाटील, तीन वर्षं पूर्ण पाहिजेत. एका दिवसाच्या शाळेची मुलगी फायनलला कशी बसवू?"

तवा कुठं मारुतीआप्पा मदतीला धावलं. "साहेब, मंजूर माणसं आठ. सगळी हजर."

"म्हणजे?"

"एस्टॅब्लिशमेंट, साहेब."

"नेमणूक हंगामी हाय," भावकू मागनं म्हणला. तोबी अजून गावातच हुता, कोट तोच.

दिपोटी साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही सगळे काय बोलताय मला कळत नाही. हा शब्द मलाही कधी कधी त्रास देतो, माझ्या स्वतःच्या कचेरीत तो चार ठिकाणी चार तऱ्हांनी वापरतात. इथं मला फक्त एवढंच हवंय की पहिल्या दिवशी मुली येऊन शिकायला कधी बसल्या. बाई, तुम्ही सांगा."

सगळं गाव बाईंकडं बघाय लागलं. दाराबाहेर बायका उभ्या, परकरातली पोरं मधी घुसलेली. ब्राह्मी पोत्यावर, पाटी छातीशी धरून, डोळं मोठं करून. अण्णांचं तोंड लाल झालतं, कारण आता त्यांना हळूहळू कळत हुतं की त्यांनी कालच्या नारळानं काय फोडलंय.

तारीख त्यांना ठाऊक हुती. पर ती तारीख चारचौघांत सांगायची म्हणजे काय सांगायचं हेबी ठाऊक हुतं. म्हणून त्या एवढंच म्हणल्या, "ज्येष्ठात. तेहतीस साली."

"तारीख? तिथी?"

बाईंनी पायाजवळचं पोतं सारखं केलं.

"काही कागद? हजेरी?"

"दुसऱ्या वर्षापास्नं वही हाय. पहिल्या वर्षाची... त्या भिंतीवर हुती."

साहेबांनी पांढऱ्याफेक भिंतीकडं बघितलं. साहेबांनी पेटीवर कागद ठेवला आणि शाईत टाक बुडवला, आणि बाईंना दिसलं की टाक पाटीवरची तारीख उतरवून घ्यायला निघालाय.

"आमोशा हुती," असं दारातनं कुणीतरी म्हणलं.

पद्माक्का. अण्णांची कारभारीण, ब्राह्मीची आई, कडेवर धाकटा पोरगा घेऊन उभी. कालच्या दिव्याची काजळी अजून तिच्या बोटाला हुती.

"ज्येष्ठातली आमोशा, साहेब," ती पुढं आली. "मला पक्कं ठाऊक हाय, कारण त्या दिवशी मी हिच्याशी भांडाय आलते. आमोशेला आमच्यात बैल जुपत न्हाईत, रानात कुणी जात न्हाय, म्हणून पोरी घरात मोकळ्या. ते बघून हिनं त्यांना गोळा केलं. बाकीच्या दिवशी पोरी कुठं सापडायच्या? माझी ब्राह्मी परसातनं पळाली. मी मागनं आले. तर ही वखारीत पोतं टाकून बसलेली आणि पोरीच्या हातात पाटी दिलेली. आमोशेला. आणि ते बी... हिच्या हातानं. मला राग आवरला न्हाय. मी ह्याच दारात उभी राहून हिला म्हणाले, पांढऱ्या पायाची तू, आमोशेला माझ्या लेकीच्या हाताला अक्षर लावतीस?" तिनं बाईंकडं बघितलं न्हाय. "सगळ्या गल्लीनं ऐकलं. विचारा कुणालाबी."

दाराबाहेरच्या बायकांनी माना हलवल्या. एकजण म्हणली, "व्हय साहेब, मी पाणी आणत हुते, घागर तशीच घेऊन उभी राहिलते." दुसरी म्हणली, "लई भांडली हुती. पोटुशी असून."

"पोटुशी?" साहेबांनी विचारलं.

"हा पोटात हुता," पद्माक्कानं कडेवरच्या पोराला वर सारलं. "भादव्यात झाला. आता तीन वर्षं उलटून तीन महिने झाले त्याला. मोजा की."

साहेबांनी पोराकडं बघितलं. पोरानं साहेबांच्या चष्म्याकडं हात केला. मग साहेबांनी दुसऱ्या वर्षाची वही मागवली, ती उघडली, तारखा बघितल्या, ब्राह्मीला पुढं बोलावून एक गणित घातलं, तिनं तोंडानं केलं, दुसरं घातलं, तेबी केलं. वाचायला दिलेला उतारा तिनं एवढ्या झरझर वाचला, की साहेबच म्हणाले, हळू.

"ठीक आहे," ते म्हणाले. "ज्येष्ठ अमावास्या, शके अठराशे पंचावन्न. हे मी मानतो. आता दुसरी चौकट. संस्थापक कोण? पाटीवर तुमचं नाव आहे, पाटील. तुमचंच लिहू? ज्येष्ठ अमावास्येला शाळा स्थापन केली, रायगोंडा पाटील, असं?"

अण्णांनी मिशीवरनं हात फिरवला. आता त्यांची अवस्था बघण्यासारखी झालती. नाव सरकारी कागदावर चढणार, दप्तरात कायमचं राहणार. पर कसं? तर आमोशेला. पाटील घराण्यात आजोबापास्नं आमोशेला कुणी बैल जुपला न्हाय, कुणी विहिरीला कुदळ लावली न्हाय, पावण्याला निरोपसुदा दिला न्हाय. आणि आता कागद म्हणणार की रायगोंडानं आमोशेला स्थापना केली. भावकी काय म्हणंल? सदलग्याचं पावणं काय म्हणत्याल? त्यांनी बायकोकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, त्या पांढऱ्या भिंतीकडं बघितलं.

"तारीख बदलून..." त्यांनी चाचपून बघितलं.

"तारीख बदलली तर मुलगी बसत नाही."

"तसं नको."

"मग?"

शेवटी अण्णांनी फेटा काढून हातात धरला, डोकं खाजवलं आणि म्हणले, "कमलाक्काचंच लिवा. आमोशा तिचीच हाय."

कुणीतरी हसलं. हसणाऱ्याला आप्पांनी कोपर मारलं.

साहेबांनी कागद बाईंच्या पुढं सरकवला आणि टाक दिला. "इथं सही करा."

बाईंनी टाक घेतला, शाईत बुडवला आणि चौकटीवर तसाच धरला. आजपतूर कशालाच पहिला हात लावला न्हाय. आणि आता ह्या चौकटीत, त्या मालगाडीसारख्या शब्दाखाली, नाव घालायचं. हे आपण केलंय, का आपल्याकडनं झालंय? ही स्थापना हाय का चूक हाय? पद्माक्का शेजारी उभी, अजून बघत नव्हती, पर तिनं पदराच्या टोकानं बाईंच्या कपाळावरचा चुना पुसला. सकाळी परत भिंत पुसताना लागलेला, तवापास्नं कुणीच सांगितलं नव्हतं.

बाईंनी सही केली. कमला. पुढं बापाचं नाव लिवायचं का नवऱ्याचं, हे ठरंना, म्हणून तेवढंच राहिलं. साहेबांनी बघितलं आणि कागद आपल्याकडं ओढला. खालच्या ओळीत त्यांनी ब्राह्मीचं नाव घातलं, वय घातलं, केंद्र बेळगाव.

दिपोटी साहेब गेले. जाताना परत दोनदा शिंकले. गाडी लांब गेली तरी अण्णा वखारीच्या दारातच उभे हुते, फेटा हातात.

"श्रीपाल," ते म्हणले.

"काय अण्णा?"

"सदलग्याला सांगावा धाडाय पाहिजे."

"काय सांगू?"

अण्णा विचारात पडलं. दारावरच्या पाटीकडं त्यांनी बघितलं, आत ब्राह्मी परत पोत्यावर बसून बाईंना कायतरी विचारत हुती तिकडं बघितलं.

"थांबा म्हणावं."

"कवापतूर?"

"ते मला कुठं ठाऊक हाय?" अण्णा म्हणले. "त्या कमलाक्काला विचारून ये."